शिवणीतले सात लाल टाके

पुरवणी जबाब, दिनांक ११ डिसेंबर, सकाळी १०.५० वाजता

माझे नाव व पत्ता वरच्या रकान्यांत लिहून घेतला आहे. वय ६१ वर्षे. शिक्षण बी.एस्सी., रसायनशास्त्र. धंदा लॉन्ड्री. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, राहणे त्याच दुकानाच्या माडीवर. मला आज कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन या पोलीस ठाण्यात आले असून माझ्याच हस्ताक्षरात लिहून देते की,

दिनांक ५ रोजी याच टेबलावर माझा पहिला जबाब झाला. त्यात लिहिलेले खोटे नाही, पण अपुरे आहे. अपुरे मी ठेवले. लेखनिक हवालदारांची त्यात काही चूक नाही. त्यांनी विचारले होते, "गाडी घेताना तुम्हाला काही वावगं दिसलं का?" मी उत्तर दिले, "मला वास आला नाही." त्यांनी तसे लिहिले. प्रश्न दिसण्याचा होता आणि उत्तर वासाचे होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्या आले होते.

सदर गाडी माझ्या धाकट्या बहिणीने वापरलेली म्हणून विकत घेतली. बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, म्हणून इथेही तसेच लिहिते. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात झालेले, हाड मोडलेले, अंथरुणाला खिळलेले लोक तिचे पेशंट. ती त्यांच्या घरी जाऊन त्यांना उठवते, बसवते, उभे करते. तिचे हत्यार म्हणजे तिचे दोन हात. दिनांक ३ डिसेंबर रोजी सकाळी ९.४० च्या सुमारास पाण्याच्या टाकीकडून खाली येणाऱ्या उतारावर तिची गाडी चालता चालता बंद पडली. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा घट्ट झाला आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. एअरबॅग उघडली नाही. दोन बरगड्यांना चीर गेली, दोन्ही मनगटे मोडली. उजव्या मनगटाच्या हाडांचा चुरा झाला आहे. दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टर म्हणतात, कप धरता येईल. माणूस धरता येईल का, ते सहा महिन्यांनी पाहू.

आता ऑगस्ट महिन्याबद्दल सांगते.

जुलैअखेर नदीकाठच्या सखल भागात पूर आला होता, हे सर्वांना माहीत आहे. आमचा भाग उंचावर असल्याने इथे पाणी आले नाही. दिनांक ९ ऑगस्ट रोजी दुपारी जुन्या गाड्यांचा व्यापारी, ज्याला सगळे मामा म्हणतात, टेम्पो घेऊन माझ्या दुकानी आला. टेम्पोत गाड्यांच्या सीटची काढलेली कव्हरे होती. त्याने विचारले, "ताई, एवढं धुऊन द्याल का? मशीनमध्ये घालू म्हणाल तर मशीन बंद पडेल, इतका चिखल आहे."

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. तो वडिलांनी घालून दिला आणि मी चाळीस वर्षे पाळला. गिऱ्हाइकाला डाग कशाचा आहे ते विचारायचे, कारण त्याशिवाय औषध ठरत नाही. तो कुठून आला ते विचारायचे नाही, कारण ते आपले काम नाही. या नियमामुळे आमच्याकडे लोक निर्धास्तपणे येतात. कोणाच्या शर्टाला काय लागले होते, हे या गावात माझ्याइतके कोणाला माहीत नसेल, आणि ते मी कधी कोणाला सांगितले नाही.

त्याप्रमाणे मी विचारले, "डाग कशाचा?"

"चिखलाचा," तो म्हणाला.

मी कव्हर बोटांत चोळून पाहिले. रस्त्यावरचा चिखल रेताड असतो. हा पिठासारखा मऊ होता आणि त्यावर तेलाची रेघ होती. पाणी चढते, थांबते आणि उतरते तेव्हा ती रेघ राहते. माझ्याकडे वीस वर्षे इस्त्री करणारी मावशी शेजारी उभी होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "बाई, हा पुराचा गाळ आहे. या गाड्या बुडालेल्या आहेत. विचारा की त्याला, धुऊन करणार काय आहे."

मी म्हणाले, "आपण कव्हरं धुतो मावशी, गाड्या नाही."

ती म्हणाली, "सुटलात मग तुम्ही." आणि इस्त्री फिरवायला लागली.

दिनांक ९, १७ आणि २६ ऑगस्ट अशा तीन खेपांत मिळून अकरा गाड्यांची कव्हरे आली. आम्ही कपड्यांवर शाईने खूण करत नाही, शाई पसरते. आतल्या शिवणीत रंगीत धाग्याचे टाके घालतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाला एक रंग, आणि जितके टाके तितका नंबर. व्यापाऱ्याला लाल रंग दिला होता. पहिल्या गाडीच्या कव्हरांना एक टाका, अकराव्या गाडीच्या कव्हरांना अकरा. मागच्या सीटच्या कव्हरावर, उजव्या बाजूला, आतल्या शिवणीत. एरवी माल परत देताना हे टाके आम्ही उसवून टाकतो. या वेळी तो म्हणाला, "राहू द्या ताई, आतल्या बाजूलाच तर आहेत. कोण बघतंय?" म्हणून राहिले.

कव्हरांच्या मागच्या खिशांत काही वस्तू निघाल्या. खिशात सापडलेली वस्तू पाकिटात घालून, पाकिटावर खूण लिहून गिऱ्हाइकाला परत द्यायची, हाही वडिलांचाच नियम. एक दांडी तुटलेला वाचायचा चष्मा होता. सायकलच्या कुलपाची किल्ली होती. मुलांच्या रंगीत खडूंचा डबा होता, त्यातले खडू एकमेकांत विरघळून एकच लादी झाली होती. एक प्लास्टिकच्या आवरणातला पास होता. अकरापैकी सहा गाड्यांच्या खिशांत असे काही ना काही मिळाले. मी पाकिटे व्यापाऱ्यापुढे ठेवली. तो म्हणाला, "फेकून द्या हो. ज्यांचं होतं त्यांनी कधीच आशा सोडली." मी फेकली नाहीत. दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवली. ती आज सोबत आणली आहेत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात माल नव्हता. "कव्हरं झकास झाली ताई, पण गाडीच्या आतला वास हटत नाही. काही तोड सांगा." मी त्याला तोड सांगितली. ती जशी सांगितली तशीच लिहिते. फोम बाहेर काढा. त्यावर खाण्याचा सोडा पसरून दिवसभर ठेवा आणि व्हॅक्युमने ओढून घ्या. मग पातळ केलेले व्हिनेगर फवारा. ऊन द्या, ऊन नसेल तर मोठे पंखे लावा. दारे मिटल्यावर आत लोणारी कोळशाच्या पिशव्या ठेवा. अत्तर मारू नका. अत्तराखाली झाकलेला वास माणसाला लगेच कळतो.

तो म्हणाला, "शिक्षणाचा फायदा आहे बघा."

मला तेव्हा बरे वाटले होते. जबाबात हे लिहिण्याची गरज नसेल, पण ते खरे आहे.

त्याने जाताना एवढेही विचारले होते, "सीटचे पट्टे निघत नाहीत ना धुवायला?" मी म्हणाले, पट्टे जागच्या जागी, पूर्ण बाहेर ओढून धुवावे लागतात. वेळखाऊ काम आहे. ते काम त्याने केले नाही, हे आता कळले आहे. धाकटीच्या गाडीचा पट्टा शेवटपर्यंत ओढला की आतल्या हातभर भागावर तपकिरी रेघ दिसते. तेवढा भाग कोणी कधी ओढत नाही. मीही ओढून पाहिला नाही.

दिनांक १२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११ वाजता धाकटी आणि तिचे यजमान मला दुकानातून घेऊन गेले. तिचे यजमान शाळेत भूगोल शिकवतात. मी बायकोची थोरली बहीण, म्हणून ते मला थट्टेने आकडसासूबाई म्हणतात. धाकटी बारा वर्षे स्कूटरवरून पेशंटकडे जात होती आणि तिच्या कमरेने तक्रार सुरू केली होती. गाडी त्यांनी आधीच पसंत केली होती. मेकॅनिकने इंजिन चालू करून, फेरी मारून पाहिले होते आणि चांगली आहे म्हणून सांगितले होते. मला फक्त शेवटचे पाहायला नेले.

रिक्षात तिचे यजमान म्हणाले, "मेकॅनिकनं कानानं तपासली, आता आकडसासूबाई नाकानं तपासतील. पोलिसांच्या कुत्र्यालाही जे जमत नाही ते यांना जमतं."

धाकटी हसली नाही. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, एक ऐकशील? आज एक दिवस डाग शोधू नकोस."

हे ती का म्हणाली ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे समजणार नाही. तिने घर घेतले तेव्हा मी ओल शोधली होती. तिने लग्नासाठी स्थळ पसंत केले तेव्हा मी त्यांच्या शर्टाची कॉलर पाहून मत दिले होते. तिच्या पहिल्या दवाखान्याच्या उद्घाटनाला जाऊन मी फरशी तिरकी आहे असे म्हणाले होते. फरशी तिरकीच होती. पण तो दिवस तिचा होता.

त्याच व्यापाऱ्याच्या, मामाच्या आवारात पंधरा-सोळा गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या पुसून लखलखीत. धाकटीची गाडी भिंतीजवळ होती. व्यापाऱ्याने आधी मला पाहिले, मग धाकटीला. तो मोठ्याने तिला म्हणाला, "अरे वा, तुम्ही ताईंच्या बहीण! मग तर घरचंच काम झालं."

मी गाडीत बसले. वास घेतला. नव्या कापडाचा नाही, जुन्याचा नाही, ओलीचा नाही, अत्तराचा नाही. काहीही वास नव्हता. आठ वर्षे लोकांनी वापरलेल्या गाडीला कसला तरी वास असायला हवा होता. माणसांचा, खाण्याचा, निदान उन्हाने तापलेल्या प्लास्टिकचा. मला ते खटकले. मग मी सवयीने मागच्या सीटवरचे कव्हर उजव्या बाजूने उचलून शिवण पाहिली.

शिवणीत लाल टाके होते. मी मोजले. सात.

माझ्या पहिल्या जबाबातून जे राहिले ते हे. मी टाके पाहिले, मोजले आणि ते माझ्या दुकानाचे आहेत हे मला त्याच क्षणी कळले. कव्हर दुसऱ्या गाडीचे काढून या गाडीला घातले असेल, असे मी पुढे काही दिवस स्वतःला सांगत होते. त्या क्षणी मात्र मला तसे वाटले नव्हते. त्या क्षणी मला पिठासारखा गाळ आठवला होता.

मी मान वर केली तेव्हा व्यापारी दारात वाकून उभा होता. तो हळू म्हणाला, "कसं आहे काम? तुमच्याच हातचं आहे." त्याच्या मागे धाकटी उभी होती. तिने गाडीच्या टपावर तळहात ठेवला होता, पेशंटच्या पाठीवर ठेवते तसा. ती माझ्याकडे पाहत होती. मी बोलण्याआधीच तिचा चेहरा उतरायला लागला होता.

मी म्हणाले, "ठीक आहे."

तिचे यजमान टाळी वाजवून म्हणाले, "ऐकलं का सगळ्यांनी? आकडसासूबाई 'ठीक आहे' म्हणाल्या! आमच्या लग्नातसुद्धा एवढं म्हणाल्या नव्हत्या. आज कॅलेंडरवर खूण करा."

धाकटी तिथे सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. असे ती शाळेत असताना करत असे.

गाडी ताब्यात मिळाली दिनांक १६ ऑक्टोबर रोजी. म्हणजे मध्ये चार दिवस होते. सातव्या खुणेचे पाकीट माझ्या कपाटात होते. कपाट माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. ते पाकीट उघडून पाहिले असते तर कव्हर याच गाडीचे की दुसरीचे, याचा निकाल लागला असता. मी ते उघडले नाही. मधल्या दिवसांत गाडी पुन्हा का पाहिली नाही, यावर पहिल्या जबाबात मी म्हणाले की त्या आठवड्यात दुकानात कामाची गर्दी होती. गर्दी होती. पण कपाट उघडायला किती वेळ लागतो, हे कोणीही सांगू शकेल.

गाडी आल्यानंतर ज्या तक्रारी झाल्या त्या मला जेव्हा कळल्या तशा लिहिते. पहिल्या आठवड्यात गाडीतले घड्याळ मागे पडायला लागले. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या दमट हवेत डावीकडची काच आपोआप खाली येऊ लागली. तिचे यजमान म्हणाले, "काच हवा खायला बाहेर येते. तिचाही जीव गुदमरत असेल बिचारीचा." नोव्हेंबरच्या मध्यात पुढच्या दिव्यांच्या आत बाष्प धरले. एअरबॅगचा लाल दिवा कधी लागे, कधी विझे. धाकटीने मला फोन केला, "ताई, ही गाडी लहरी आहे गं. आज दिवा लागला, उद्या नाही. माझ्यासारखीच आहे." मी म्हणाले, "मेकॅनिकला दाखव." ती म्हणाली, "दाखवलं. तो म्हणतो, थंडी आहे, ओल धरते, उन्हाळ्यात बरं होईल."

मी फोन ठेवला. ओल कुठे धरली आहे ते मला माहीत होते. त्या फोननंतर अपघातापर्यंत सोळा दिवस होते. एकूण किती दिवस माझ्या हाती होते त्याची मोजदाद मी केली आहे. ती इथे लिहून उपयोग नाही.

अपघातानंतर गाडी तपासणाऱ्या मोटार निरीक्षकांनी जे सांगितले ते त्यांच्या अहवालात असेलच. मी तिथे हजर होते म्हणून पाहिलेले लिहिते. त्यांनी पायांखालचा गालिचा उचलला. खालचा फोम पिळला तर पुराला चार महिने होऊनही त्यातून पाणी निघाले. तारा जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे हिरवा बुरा होता. एअरबॅग उघडवणारा डबा सीटखाली असतो आणि त्याच्या पिना गंजून तुटल्या होत्या. निरीक्षक म्हणाले, "बाई, पुरातली गाडी लगेच मरत नाही. आतून कुजते. कधी दगा देईल त्याचा नेम नसतो." तांबे हिरवे का होते हे मी विद्यार्थिनी असताना शिकले होते. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी कपाट उघडले. सातव्या पाकिटात तो प्लास्टिकमधला पास होता. एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा. त्यावर गाडीचा नंबर छापला आहे. तो धाकटीच्या गाडीचाच नंबर आहे. त्या तळघरात जुलैअखेर पाणी कुठपर्यंत चढले होते, हे त्या इमारतीच्या वॉचमनला विचारल्यास तो भिंतीवर दाखवील. मी जाऊन पाहून आले आहे. रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे.

व्यापाऱ्याने आपल्याकडे दिलेल्या जबाबात दोन गोष्टी सांगितल्या, असे मला कळले. एक, गाडी पुरातली आहे हे त्याला माहीत नव्हते. दोन, गाडी घेताना खरेदीदाराची मोठी बहीण, जी कपड्यांतली जाणकार आहे, तिने स्वतः आत बसून तपासली आणि 'ठीक आहे' म्हणाली. पहिली गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा मी आणला आहे. दुसरी गोष्ट खरी आहे.

दिनांक ९ डिसेंबर रोजी संध्याकाळी धाकटीचे यजमान माझ्याकडे आले. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, एक सोडून. ते म्हणाले, "मामानं आपल्याला मामा बनवलं, ताई." मग मी त्यांना टाक्यांचे सांगितले. ते म्हणाले, "हे पोलिसांत सांगू नका. त्याचा वकील उद्या तुमच्याकडेच बोट दाखवील. म्हणेल, बहिणीला माहीत होतं. केस आपली आहे, आपल्याच पायावर धोंडा कशाला?" ते माझ्या काळजीने बोलले. उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आकडसासूबाई म्हणाले नाहीत. ताई म्हणाले. तीस वर्षांत प्रथम.

काल, दिनांक १० रोजी सकाळी भेटीच्या वेळेत मी रुग्णालयात गेले आणि धाकटीला सांगितले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, उशांवर ठेवलेले होते. मी सगळे सांगितले. टाके, पाकीट, चार दिवस, फोन. ती छताकडे पाहत होती.

ती म्हणाली, "मी तुला डाग शोधू नकोस म्हटलं, म्हणून?"

मी म्हणाले, "नाही. तू म्हणालीस म्हणून नाही. डाग मला सापडला होता. मी तो झाकला."

ती म्हणाली, "जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढलीस, ताई. एकदाच काढली नाहीस."

मग ती म्हणाली, "माझं नाक खाजव." मी खाजवले. "डावीकडे. अजून जरा वर." नर्स आली आणि भेटीची वेळ संपल्याचे सांगून गेली. मी उठले तेव्हा धाकटीने विचारले, "सात म्हणालीस ना? माझी सातवी. बाकीच्या दहा कुठे आहेत?"

मी म्हणाले, "विकल्या गेल्या असतील."

"कोणी घेतल्या?"

"माहीत नाही."

"मग इथे काय करतेस? जा की."

म्हणून मी आज आले आहे. त्या दहा गाड्या या गावात आणि आजूबाजूला रस्त्यावर आहेत. त्या घेणाऱ्यांनी वास घेतला असेल आणि वास आला नसेल. त्यांच्या काचा आपोआप खाली येत असतील आणि ते हसत असतील. त्या गाड्या ओळखण्याची रीत अशी: मागच्या सीटच्या कव्हराची उजवी आतली शिवण उलटून पाहावी. लाल टाके असतील तर गाडी बुडालेली आहे. कव्हर बदलले असेल तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. माझी खुणांची वही, शिल्लक लाल धाग्याचे रीळ आणि सहा पाकिटे मी जमा करत आहे. वहीत तिन्ही खेपांच्या तारखा आहेत आणि माल नेताना व्यापाऱ्याने केलेल्या सह्या आहेत. इस्त्री करणाऱ्या मावशी साक्ष द्यायला तयार आहेत. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच बोलले होते." त्या बोलल्या होत्या, असे मी इथे लिहून देते.

दुकानाचा नियम मी आजपासून बदलला आहे. डाग कुठून आला, हेही विचारले जाईल. त्यामुळे गिऱ्हाइके कमी होतील. होऊ देत.

माझ्यावर काही कारवाई होणार असल्यास माझी हरकत नाही. माझ्या सांगण्यामुळे धाकटीच्या तक्रारीला धक्का लागणार असेल, तर तिला कल्पना आहे. तिने मला थांबवले नाही.

हे सर्व मी कोणाच्या दबावाखाली न येता लिहिले. लेखनिक हवालदारांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना ते 'ठीक आहे' या शब्दांपाशी थांबले आणि म्हणाले, "एवढं राहू द्यायचं का, बाई?" मी राहू द्या म्हणाले. बाकी सर्व माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. पहिल्या जबाबातले "मला वास आला नाही" हे वाक्यही तसेच ठेवावे, खोडू नये.

धाकटीचा जबाब याच फायलीत माझ्या जबाबाच्या वर लावलेला आहे. त्याच्या शेवटी सही नाही आणि अंगठाही नाही. तिथे हवालदारांनी लिहिले आहे, "दोन्ही हात प्लास्टरमध्ये असल्याने सही करू शकत नाहीत."

माझ्या हाताला काहीही झालेले नाही. खाली सही करते.